स्टॉल-स्पिनच्या सरावाआधी कॉकपिटमधल्या सुट्या वस्तू

स्टॉलमधून (पंखांची उचल एकदम घटते त्या अवस्थेतून) बाहेर येताना विमानाचे नाक जोरात खाली ढकलले, की क्षणभर वस्तूंचे वजन हरवते. मांडीवरचा पेन तेव्हा वर उडतो. खाली कुठे पडेल याचा नेम नाही. रडर पेडलमागे (शेपटीचे सुकाणू पायाने वळवायचे पेडल) किंवा स्टिकच्या (हाताने धरायच्या नियंत्रण-दांड्याच्या) बुडाशी अडकला, तर कंट्रोल जाम. म्हणून आवराआवर जमिनीवरच करावी.

खिशांपासून सुरुवात करा. नाणी आणि किल्ल्या विमानाबाहेर ठेवा, पेन दोरीने नी-बोर्डला (मांडीवर बांधायच्या लिहिण्याच्या पाटीला) बांधा. मोबाइल चेन असलेल्या खिशात ठेवा, सीटखाली कधीच नको: सीट सरकवताना चिरडला तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. डॅशबोर्डवरही नको, होकायंत्र चुकते.

फ्युएल टेस्टर (इंधनाचा नमुना काढायची नळी), कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल अडवायची खीळ) आणि टो-बार (विमान ओढायचा दांडा) वॉकअराउंडनंतर, म्हणजे विमानाभोवती फिरून केलेल्या तपासणीनंतर, हमखास विसरतात, तेव्हा तिन्ही ठरल्या जागी आहेत हे हात लावून बघा. अग्निशामकाची क्लिप ओढून पाहा. शेजारची सीट रिकामी असेल तर तिचा बेल्ट लावून घट्ट आवळा, खांद्याचे पट्टेही त्यातच गुंतवा. स्टिकच्या विमानात लोंबता बकल स्टिकला अडकू शकतो.

सामान जाळीखाली ठेवले म्हणजे झाले, असे नाही. ६० अंशांच्या वळणात २ जी (गुरुत्वाच्या दुप्पट) भार येतो, म्हणजे ४ किलोची बॅग ८ किलोची होते. जाळीचे सगळे हुक लावा. छोट्या वस्तू बंद पिशवीत घाला, नाहीतर जाळीतून निसटतात. स्पिनसाठी (स्टॉलनंतर गोल फिरत खाली येणे) मात्र सामानकप्पा रिकामाच हवा, कारण मागचे वजन गुरुत्वमध्य मागे नेते आणि स्पिन तोडणे अवघड होते. सेस्ना १७२ युटिलिटी श्रेणीत (जिच्यात स्पिनला परवानगी असते) उडवताना मागची सीट आणि सामानकप्पा दोन्ही रिकामे लागतात.

हवेत हॅसेल तपासणीतले (स्टॉल-स्पिनआधी म्हणायची HASELL यादी) ‘एस’, म्हणजे सिक्युरिटी, नुसते तोंडाने म्हणू नका. बेल्ट ओढा, सीटचे लॉक तपासा, पायाशी नजर टाका.

तरीही काही पडलेच, तर लगेच प्रशिक्षकाला सांगा आणि सराव थांबवा. विमान कोण उडवतेय हे स्पष्ट ठरवून दुसऱ्याने शोधावे. एकटे असाल तर वाकून शोधू नका, सौम्य वळणे घेत परता. कंट्रोल अडकल्यास त्याच दिशेने जोर लावू नका, वस्तू आणखी रुतते. उलट दिशेला अलगद हलवून पाहा. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) सुटला नाही तर ट्रिम (नाकाचा कल बारीक जुळवायचे नियंत्रण) आणि पॉवरने नाक सांभाळा.

उतरल्यावर वस्तू सापडली नसेल तर टेक लॉगमध्ये (विमानातील बिघाडांच्या नोंदवहीत) नोंद करा. फ्लोअर पॅनेल उघडावे लागले तरी चालेल, पण ती मिळेपर्यंत विमान पुढच्या विद्यार्थ्याला देऊ नका.