क्लोरीन ३ पीपीएम, तरी टाकी हिरवी: स्टॅबिलायझर १५० वरून ३७ वर

लोणावळ्याची पोहण्याची घरगुती टाकी, ४०,००० लिटर. चाचणीत क्लोरीन ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम), पीएच ७.४, तरी भिंती बुळबुळीत आणि चार दिवसांत पाणी हिरवं. शॉक डोस (एकदम जास्त क्लोरीन), अल्गीसाइड (शेवाळनाशक), फिल्टरची वाळू बदलणं, सगळं वाया. दोन महिने नुसता मनस्ताप.

दोष टीसीसीए या क्लोरीनच्या गोळ्यांचा. २०० ग्रॅमची एक गोळी या टाकीत सुमारे ४.५ पीपीएम क्लोरीन देते, सोबत २.७ पीपीएम सायन्युरिक आम्लही, म्हणजेच स्टॅबिलायझर, क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं. क्लोरीन खर्च होतं, आम्ल साचत जातं आणि उरलेल्या क्लोरीनला बांधून ठेवतं. स्टॅबिलायझर १५० पीपीएम असेल तर क्लोरीन ३ नव्हे, ११ पीपीएम तरी लागतं.

आधी नीट मोजा. स्टॅबिलायझर मोजायच्या नळीत गढूळ झालेलं पाणी तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत भरतात; तिचं माप १०० लाच संपतं. टाकीचं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळा, आलेला आकडा दुप्पट करा. माझा ७५ आला, म्हणजे १५०.

मग फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा) 'वेस्ट'वर, निम्मं पाणी बाहेर, १० हजारी दोन टँकर आत. पंप रात्रभर चालवून पुन्हा मोजलं: ७५. तेच परत केलं: ३७. पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका, जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने तळ उचलला जातो.

शेवटी पीएच ७.२, आणि संध्याकाळी १० टक्क्यांचं ताजं द्रव हायपोक्लोराइट (द्रव क्लोरीन) ६.४ लिटर, म्हणजे १६ पीपीएम. भिंती घासल्या. पाणी नितळ होईपर्यंत क्लोरीन १६ वरच राखलं. आता रोज द्रव क्लोरीनच, ४०० मिलीला १ पीपीएम. गोळ्या बंद.