अ‍ॅटिकमधला रॅकून पिंजऱ्यात कसा पकडायचा, आणि पिंजरा लावायच्या आधी काय काय बघायचं

एप्रिल महिना होता, रात्रीचे अडीच वाजलेले आणि आमच्या बेडरूमच्या वरती कोणीतरी जड पावलांनी चालतंय असा आवाज यायला लागला. आई तेव्हा चिपळूणहून आमच्याकडे मिसिसागाला आलेली, ती खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, "अरे, माळ्यावर कांडेचोर शिरलाय." कोकणात कौलांवर जो आवाज ती लहानपणापासून ऐकत आलीय अगदी तसलाच हा आवाज, फक्त कॅनडात कांडेचोर, म्हणजे उदमांजर, नाही, रॅकून असतो. डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर काळी वळी, वजन साधारण पाच ते दहा किलो, आणि पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे चालतात, झाकण उचलतो, साधी कडी उघडतो, छपराखालचा सडका फळकुट ओढून काढतो. रॅकून हा शब्दच मुळात व्हर्जिनियाकडच्या मूळ रहिवाशांच्या पोव्हाटन भाषेतून आलाय आणि त्याचा अर्थ हातांनी खरवडणारा असा सांगतात, तो किती बरोबर आहे ते तुमचं छप्पर फाटलं की कळतं.

आम्ही तेव्हा घाबरून एका माणसाला फोन केला. तो आला, शिडी लावून छपरावर पिंजरा ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी एक रॅकून त्यात होता, तो घेऊन गेला, भोकावर जाळी मारली, पैसे घेतले. त्याच रात्री छताच्या आतून बारीक चिवचिवाट सुरू झाला, पक्ष्याच्या पिल्लांसारखा. पकडलेला रॅकून ही आई होती आणि तिची पिल्लं आत राहिलेली. माझी बायको रात्रभर झोपली नाही. नशीब एवढंच की त्या माणसाने तिला जवळच्याच झाडीत सोडलेलं, त्यामुळे ती परत आली, नवीन जाळी उचकटली, वर छपरावरचे आणखी दोन शिंगल, म्हणजे पातळ तुकडे, फाडले आणि आत गेली. मग दोन रात्रींत तिने तोंडात धरून एकेक पिल्लू कुठेतरी दुसरीकडे नेलं. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगतो, पिंजरा हे यातलं सगळ्यात छोटं आणि शेवटचं काम आहे. आत कोण आहे हे न बघता पिंजरा लावला तर तुमचं छप्परही जातं आणि पिल्लंही.

आधी कायदा बघून घ्या, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की पकडायचा, गाडीत टाकायचा आणि तासभर लांब जंगलात सोडून यायचा. ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, हे चालत नाही. इथे १९९७ चा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन कायदा आहे, त्याप्रमाणे रॅकून तुमच्या घराचं नुकसान करत असेल तर तुम्ही त्याला हुसकावू शकता, पकडू शकता, पण जिवंत पकडलेला प्राणी २४ तासांच्या आत सोडायचा आणि पकडलेल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडायचा. घरात ठेवून पाळायचाही नाही, पिल्लू कितीही गोड दिसलं तरी. नियम उगीच नाहीये. लांब नेऊन सोडलेल्या रॅकूनला तिथे ना बीळ माहीत ना पाणी, तिथले जुने रॅकून त्याला टिकू देत नाहीत, शिवाय त्याच्याबरोबर आजारही प्रवास करतो. डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला रॅकूनचा रेबीज पुन्हा सापडला, त्याआधी १० वर्षं प्रांतात तो नव्हता, आणि त्यानंतर सरकारला झाडीत आणि विमानातून लसीचे गोड वासाचे तुकडे टाकत बसावं लागलं. अमेरिकेत न्यू जर्सी वगैरे ठिकाणी राहत असाल तर तिथले नियम राज्याप्रमाणे बदलतात, आपापल्या राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याला फोन करून विचारा. आणि हे वाचून रत्नागिरी-पुण्यात कोणी उदमांजरासाठी पिंजरा आणायचा विचार करत असेल तर कृपा करून करू नका, भारतात ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, वन खात्यालाच बोलवा.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला लेखी कळवा, काँडो किंवा टाउनहाउस असेल तर छप्पर बहुतेक वेळा तुमचं नसतं, मॅनेजमेंटला आधी सांगा.

आता पहिली पायरी, भोक शोधा. दिवसा घराभोवती सावकाश फिरा आणि वर बघा. छपराच्या कडेखालचं सॉफिट, दोन छपरं जिथे मिळतात तो कोपरा, रूफ व्हेंट, चिमणी, डेकच्या आणि शेडच्या खालची पोकळी, या नेहमीच्या जागा. चार इंचाच्या फटीतूनही मोठा रॅकून अंग चोरून जातो. पन्हाळीच्या पाइपवर मातकट डाग, कडेला चिकटलेले करडे केस, दाबलेलं इन्सुलेशन दिसलं की समजायचं. भोक सापडलं की त्यात वर्तमानपत्राचा सैलसर बोळा कोंबून ठेवा आणि दोन-तीन रात्री वाट बघा, बोळा ढकललेला असेल तर ये-जा चालू आहे. डेकखाली असेल तर तोंडाशी मैद्याचा पातळ थर पसरा, सकाळी पाच बोटांचे छोटे हात उमटलेले दिसतील, अगदी लहान मुलाच्या हातासारखे. मात्र जानेवारीच्या कडक थंडीत हा बोळा फसवतो, कारण रॅकून तेव्हा दिवसेंदिवस हलत नाही, आत मुटकुळं करून पडून असतो आणि आपण समजतो गेला.

दुसरी पायरी, आणि हिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ती म्हणजे पिल्लं आहेत का ते बघा. इकडे रॅकूनची पिल्लं साधारण मार्च ते मे मध्ये होतात, एका वेळी बहुतेक तीन ते पाच, डोळे उघडायलाच तीन आठवडे लागतात आणि आठेक आठवडे ती बिळाच्या बाहेर पडत नाहीत. म्हणजे मार्चच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत अ‍ॅटिकमधला रॅकून ही आईच आहे असं धरून चालायचं. छताला कान लावून संध्याकाळी ऐका, चिवचिव किंवा कुईकुई ऐकू आली तर पिंजरा राहू द्या. दिवसाउजेडी रॅकून बाहेर दिसला म्हणजे पिसाळलाच असंही नसतं, पाजणारी आई भुकेने दिवसा बाहेर पडते.

अशा वेळी तिला तिथून स्वतःहून जायला लावायचं. रॅकूनच्या आईच्या डोक्यात नेहमी दोन-चार पर्यायी जागा असतात, तिला फक्त आताची जागा नकोशी करायची. अ‍ॅटिकमध्ये दिवा चालू ठेवा, बडबडीचं रेडिओ स्टेशन लावा, गाणी नकोत, माणसांचा आवाज हवा, आणि फडकं सायडर व्हिनेगरमध्ये भिजवून भोकाजवळ ठेवा. अमोनिया वापरू नका, ज्यांना हलता येत नाही त्या पिल्लांना तो वास जीवघेणा होतो. दोन-तीन रात्री द्या, पिल्लं तान्ही असतील तर थोड्या जास्त. आमच्याकडे पुढच्या वर्षी डेकखाली हाच प्रकार झाला तेव्हा पिंजरा आणलाच नाही, मी आणि बायको स्वयंपाकघराचा दिवा बंद करून खिडकीशी बसलो होतो आणि ती एकेक पिल्लू मानेला धरून कुंपणावरून नेताना आम्ही बघितली, चार होती. चिमणीत असेल तर धूर किंवा आग अजिबात नाही, पिल्लं वर चढू शकत नाहीत, जळून मरतात.

पिल्लं नाहीत अशी खात्री झाली, ऑगस्ट ते ऑक्टोबरचे दिवस आहेत आणि तरी एखादा रॅकून हटत नाही, तर मग पिंजरा. खरं तर भोकावर एकाच बाजूला उघडणारं दार बसवणं याहून चांगलं, तो रात्री बाहेर पडतो आणि परत आत जाऊ शकत नाही, हात लावायचीच गरज नाही. पण दार बसणार नाही अशी जागा असेल, नाहीतर तो गॅरेजमध्येच अडकला असेल, तर पिंजऱ्याला पर्याय नसतो.

हार्डवेअर स्टोअरमध्ये जिवंत पकडायचा जाळीचा पिंजरा मिळतो, रॅकूनसाठी साधारण ३२ इंच लांब, १० इंच रुंद आणि १२ इंच उंच असा घ्या, खारीचा छोटा घेऊ नका, दार शेपटीवर पडतं. एका दाराचा बरा. नवीन पिंजरा आधी दोनदा रिकामा चालवून बघा, आतल्या पाय पडायच्या पाटीवर काठीने दाबलं की दार झटकन पडून कुलूप बसलं पाहिजे. सपाट जमिनीवर, भिंतीला किंवा कुंपणाला समांतर ठेवा कारण रॅकून कडेकडेने चालतो. खाली प्लायवूडचा तुकडा घाला, नाहीतर आत सापडल्यावर तो हात बाहेर काढून तुमचं लॉन उकरून पिंजऱ्यात ओढून घेईल. वर वीट ठेवा किंवा खुंटीला बांधा, कारण बाहेरून पिंजरा हलवून, उलटा करून आमिष काढून घेण्याची अक्कल त्याला आहे. आणि जाळीला चिकटून कुठलीही वायर, ताडपत्री, कपडे नकोत.

आमिष म्हणून लोक सुकी मासळी किंवा मांजराचं खाणं ठेवतात आणि सकाळी शेजारच्यांचं मांजर आत बसलेलं असतं. पांढरे मार्शमेलो वापरा, मांजर त्याला तोंड लावत नाही आणि रॅकूनला ते अंधारात दिसतात आणि आवडतात. पाटीच्या मागे, अगदी शेवटच्या टोकाला तीन-चार ठेवा, एक दाराच्या बाहेर, एक आत मध्यावर. पहिल्या एक-दोन रात्री दार बांधून उघडंच ठेवलं आणि त्याला फुकट खाऊ दिलं तर तिसऱ्या रात्री तो बिनधास्त आत येतो, ही घाई न करण्याची गोष्ट आहे. पिंजरा अंधार पडताना लावा आणि पहाटे उजाडताना बघाच, रोज, न चुकता. दिवसा बंद ठेवा. पाऊस, बर्फ किंवा कडक ऊन असेल त्या दिवशी लावूच नका, उघड्या जाळीत भिजलेला प्राणी काही तासांत गारठतो.

सकाळी दार पडलेलं दिसलं की लगेच धावत जाऊ नका. आधी लांबून बघा कोण आहे, कारण स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा प्राणी, असेल तर त्याच्या फवाऱ्याचा वास आठवडाभर अंगावरून जात नाही, त्याला मोठी चादर आपल्यापुढे धरून हळूहळू जवळ जाऊन झाकायचं. रॅकूनवरही जुनी चादर टाका, अंधार झाला की तो शांत होतो. जाड चामड्याचे हातमोजे घाला, पिंजरा वरच्या मुठीलाच धरा, पायापासून लांब धरून न्या, जाळीतून बोटं, काठी, खाणं काहीही आत घालायचं नाही. लहान मुलं आणि कुत्रा घरात. तोल जात असेल, तोंडातून लाळ गळत असेल, डोळे चिकटलेले असतील, माणूस जवळ आला तरी नजर हरवलेली असेल, तर उघडू नका, तो रेबीज किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा एक विषाणूचा आजार) असू शकतो, शहराच्या ३११ नंबरला फोन करा. चावला किंवा ओरबाडला तर लगेच साबणपाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, जखम किती छोटी ते बघत बसू नका.

सोडायची जागा लांब शोधायची गरज नाही, तुमचंच मागचं अंगण चालतं. फक्त सोडण्याआधी भोक बंद झालेलं हवं आणि आत आणखी कोणी नाही याची बोळा ठेवून परत खात्री झालेली हवी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ जाळी नको, ती तो कागदासारखी फाडतो, अर्ध्या इंचाची जाड गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी स्क्रू आणि वॉशरने लाकडाला घट्ट बसवा. चिमणीवर टोपी. डेकभोवती फूटभर खोल चर खणून जाळी खाली नेऊन बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे तो उकरत गेला की जाळीवरच येतो. मग पिंजऱ्याच्या मागे उभं राहून, दाराचं तोंड झाडांकडे करून उघडा आणि वाट बघा, काही जण लगेच पळतात, काही दहा मिनिटं बसून राहतात, त्याला हलवू नका.

त्याची शी साफ करताना खूप जपा. रॅकून एकाच जागी पुन्हा पुन्हा करतो, तिच्यात एका गोल जंताची अंडी असतात, ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत जाऊ शकतात, रांगणाऱ्या मुलांना सगळ्यात धोका. ताजी असतानाच काढा, अंडी पक्व व्हायला दोन ते चार आठवडे जातात. एन ९५ मास्क, टाकून द्यायचे हातमोजे, आधी पाण्याने ओली करा म्हणजे धूळ उडणार नाही, डबल पिशवीत भरा आणि त्या जागेवर उकळतं पाणी ओता. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत.

आणि तो घरापाशी आलाच कशाला, हेही बघायला हवं. टोरोंटोने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे कुलूपवाले ग्रीन बिन वाटले ते याच्यासाठीच, पण आपण आंब्याच्या साली आणि कोळंबीची टरफलं भरून बिन रात्रीच बाहेर काढून ठेवतो. सकाळी काढा. आमच्या घरी तर आई पितृपक्षात डेकवर कावळ्यासाठी पान ठेवायची, कावळा येवो न येवो, रात्री खीर-वडे रॅकून खाऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच वेळेला हजर. तिला मी नाही म्हणू शकलो नाही, आता आम्ही पान सकाळी ठेवतो आणि सूर्य मावळायच्या आत उचलून आत आणतो, आणि नंतर त्या जागेवर बादलीभर पाणी टाकतो.