स्ट्रिंग हाताने तोडताय? या चुका टाळा

जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला लागलं की स्ट्रिंगवरचा, म्हणजे मजकुराच्या तुकड्यावरचा, एक स्वाध्याय हमखास समोर येतो: वापरकर्त्याकडून एक ओळ घ्या, स्पेसपाशी तोडा, शब्दांची अदलाबदल करा किंवा पहिलं अक्षर बदला, आणि हे सगळं स्प्लिट, म्हणजे मजकूर आपोआप तोडून देणारी तयार मेथड, न वापरता करा. ही अट जाचक वाटते, पण माझ्या मते ती अगदी योग्य आहे. इंडेक्सऑफने जागा शोधायची आणि सबस्ट्रिंगने तुकडा कापायचा, एवढं हाताला बसलं की पुढे फाइल वाचताना किंवा डेटा साफ करताना अडत नाही. या कामातल्या बहुतेक चुका ठरलेल्या असतात आणि थोडं लक्ष दिलं तर सापडतातही.

सुरुवातीलाच स्पेलिंगचं सांगून टाकतो. इथे मेथडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये इंडेक्सऑफमधला ‘ओ’ कॅपिटल असतो, सबस्ट्रिंग मात्र सगळं स्मॉल लिपीत. त्यातला ‘एस’ कॅपिटल केला की ‘सिंबल सापडत नाही’ असा एरर येतो आणि माणूस उगाच लॉजिक तपासत बसतो.

मोजणी कागदावर करा

"सरळ वळण" ही स्ट्रिंग घ्या. स शून्यावर, र १ वर, ळ २ वर, स्पेस ३ वर, आणि शेवटचा ण ६ वर. लांबी मात्र ७. म्हणून कॅरॅट(७), म्हणजे ७ या जागेवरचं अक्षर, मागितलं की प्रोग्रॅम स्ट्रिंग इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स एक्सेप्शन देऊन बंद पडतो.

सबस्ट्रिंगला दिलेला दुसरा आकडा तुकड्यात धरला जात नाही. सबस्ट्रिंग(०, ३) म्हणजे ०, १, २ या जागा, म्हणजेच "सरळ". दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की तुकड्याची लांबी मिळते. हा ताळा प्रत्येक वेळी करून पाहा. "शेवटचं अक्षर २ वर आहे" म्हणून (०, २) लिहिलं तर "सर" एवढंच हाती येतं. सबस्ट्रिंग(७) लिहिलं तर एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते. सबस्ट्रिंग(८) लिहिलं तर येतो. हा फरक ठाऊक नसला की काही इनपुटवर कोड चालतो आणि काहींवर का पडतो, ते कळत नाही.

सापडलंच नाही तर?

सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. शोधलेली गोष्ट स्ट्रिंगमध्ये नसेल तर इंडेक्सऑफ उणे १ परत देतं. आता वापरकर्त्याने फक्त "सरळ" एवढंच टाइप केलं असं समजा. पहिला शब्द काढायला सबस्ट्रिंग(०, -१) चालवलं की प्रोग्रॅम लगेच पडतो. ते बरंच, कारण चूक दिसते तरी. दुसरा शब्द काढताना मात्र आपण "स्पेसची जागा अधिक १" असं लिहिलेलं असतं. उणे १ अधिक १ म्हणजे शून्य, आणि सबस्ट्रिंग(०) म्हणजे अख्खी स्ट्रिंग. कसलाही एरर न येता "दुसरा शब्द: सरळ" असं छापलं जातं. अशी चूक टेस्टिंगमध्येही सहज निसटते. म्हणून जागा शोधल्यावर लगेच पुढच्या ओळीत ती शून्यापेक्षा कमी आहे का ते तपासा, आणि मगच कापा.

अधिक १ सुद्धा डोळे झाकून लिहू नका. विभाजक, म्हणजे जिथे तोडायचं ते चिन्ह, एक अक्षराचा असेल तेव्हाच १. तुम्ही स्वल्पविराम आणि स्पेस अशी जोडी शोधत असाल तर २ मिळवावे लागतात. विभाजकाची लांबी मिळवली की प्रश्नच मिटतो. शब्दांमध्ये दोन स्पेस पडले असतील तर दुसरा तुकडा स्पेसने सुरू होईल. त्याला दोन्ही टोकांच्या स्पेस काढणारं ट्रिम लावा.

दोनपेक्षा जास्त तुकडे असतील तर लूप लागतो, आणि त्यात दोन खड्डे आहेत. पहिला असा, की पुढचा शोध सापडलेल्या जागेपासूनच सुरू केला तर तोच विभाजक पुन्हा सापडतो आणि लूप कधीच थांबत नाही. शोध विभाजकाच्या पुढून सुरू व्हायला हवा. दुसरा खड्डा असा, की शेवटच्या तुकड्यानंतर विभाजक नसतो. उणे १ आलं की लूप संपतो आणि शेवटचा शब्द बाहेरच राहतो. तो लूपनंतर वेगळा घ्यावा लागतो. चार शब्द दिले आणि तीनच छापले, तर आधी हेच पाहा.

बदल केला, पण बदललं काहीच नाही

जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. रिप्लेस, ट्रिम, टूअपरकेस या सगळ्या मेथड नवी स्ट्रिंग परत देतात. जुनी जशीच्या तशी राहते. ओळ.ट्रिम(), एवढंच लिहिलं तर कंपायलर तक्रार करत नाही, पण मिळालेलं उत्तर कुणी ठेवून घेतलेलं नसतं. ओळ = ओळ.ट्रिम(), असं लिहा.

पहिलं अक्षर कॅपिटल करायचं तर सबस्ट्रिंग(०, १) ला टूअपरकेस लावा आणि त्याला सबस्ट्रिंग(१) जोडा. त्याआधी स्ट्रिंग रिकामी नाही ना, ते पाहा. कॅरॅटने काढलेली दोन अक्षरं अधिक चिन्हाने जोडू नका. कॅर (एका अक्षराचा प्रकार) आणि कॅर यांची बेरीज हा आकडा असतो: 'क' + 'ख' चं उत्तर ४६५१ येतं, कारण त्यांचे युनिकोड क्रमांक २३२५ आणि २३२६ आहेत. सगळ्यात आधी रिकामी स्ट्रिंग "" लिहून मग अक्षरं जोडली की अक्षरं अक्षरंच राहतात.

एकाच मजकुरात बरेच बदल करायचे असतील तर स्ट्रिंगबिल्डर घ्या, त्यातला मजकूर जागच्या जागी बदलता येतो. त्यातून अक्षरं पुसताना मात्र लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवा. "अबब" मधले सगळे ब काढायला पुढून निघालात तर १ वरचा ब पुसल्याबरोबर २ वरचा ब सरकून १ वर येतो, तुम्ही २ वर गेलेले असता, आणि एक ब तसाच उरतो.

कापलेल्या तुकड्याची तुलना दोन बरोबर चिन्हांनी करू नका, इक्वल्स वापरा. अक्षरं तीच असली तरी तुकडा मेमरीत सहसा वेगळा असतो आणि उत्तर फॉल्स येतं.

स्प्लिट वापरायची परवानगी मिळाल्यावर

स्प्लिट विभाजकाला साधा मजकूर मानत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना, मानतं. त्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतंही अक्षर’. स्प्लिट(".") केलं की सगळंच विभाजक ठरतं आणि शून्य लांबीचा ॲरे हाती येतो. उभ्या रेघेवर तोडलं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं. टिंबाआधी दोन बॅकस्लॅश द्या किंवा ते चौकोनी कंसात ठेवा: "[.]". रिप्लेसऑललाही हाच नियम. साधा मजकूर बदलायला रिप्लेस पुरतं, आणि तेही सगळ्या जागी बदलतं.

शिवाय स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे टाकून देतं. "अ,ब,," यातून दोनच तुकडे मिळतात. चारही हवे असतील तर स्प्लिटला विभाजकानंतर -१ हा आकडाही द्या. सुरुवातीला स्पेस असेल तर पहिला तुकडा रिकामा येतो, म्हणून आधी ट्रिम.

तरीही चुकतंय?

इनपुट खरंच आलंय का ते पाहा. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनरचं नेक्स्ट एकच शब्द वाचतं. नेक्स्टइंटने आकडा घेतल्यावर लगेच नेक्स्टलाइन बोलावलं तर मागे उरलेली ओळ वाचली जाते आणि रिकामी स्ट्रिंग मिळते. तोडणारा कोड निर्दोष असतो, चूक त्याच्या वरच्या ओळीत असते. मधे एक जादा नेक्स्टलाइन टाका. प्रत्येक तुकडा चौकोनी कंसांत छापा आणि शेजारी त्याची लांबी छापा. लपलेली स्पेस लगेच दिसते. वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी स्पेस असते. ती ट्रिमने जात नाही, जावा ११ मध्ये आलेल्या स्ट्रिपनेही जात नाही. तिला रिप्लेसनेच काढावं लागतं.

मराठी मजकुरावर काम करताना आणखी एक गोष्ट. "नमस्ते" ची लांबी जावा ६ सांगतं: न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा. कॅरॅटने कापलं तर मात्रा अक्षरापासून तुटते, आणि स्ट्रिंगबिल्डरच्या रिव्हर्सने उलटं केलं तर ती मात्रा सर्वात पुढे निराधार उभी राहते. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसतं त्याच्या सीमेवर तोडायचं असेल, तर जावाच्या टेक्स्ट पॅकेजमधला ब्रेकइटरेटर घ्या आणि तो देईल त्या जागांवर सबस्ट्रिंग चालवा.