झरा आटतोय की नोंद चुकतेय?

सह्याद्रीतल्या झऱ्यांची धार वर्षागणिक घटतेय का, हे शोधताना पहिला घोळ होतो तो महिन्यांचा. एका वर्षी मोजणी डिसेंबरात, पुढच्या वर्षी मेमध्ये. इथल्या काळ्या बेसॉल्ट खडकात पाणी भेगा-सांध्यांत आणि झिजलेल्या थरांतच साठतं, त्यामुळे पावसाळा सरला की धार उतरू लागते. मेची तुलना मेशीच करा, तीही वळीव पडायच्या आधी.

मोजमापात तर बरंच पाणी मुरतं. 20 लिटरची बादली 3 सेकंदांत भरत असेल, तर स्टॉपवॉच अर्धा सेकंद उशिरा थांबवल्यावर प्रवाह 14 टक्क्यांनी कमी दिसतो. तिथे मोठं पिंप हवं. 90 अंशांची व्ही-नॉच पाटी (V आकाराच्या खाचेतून पाणी सोडून प्रवाह मोजायची) बसवली म्हणूनही निर्धास्त राहू नका. खाचेत 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर; पण वाचनात 5 मिलिमीटर चुकलं की प्रवाह जवळपास पावपट चुकतो. आणि उंची ऐन खाचेत वाचायची नसते, तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन वाचा.

वर्षांची निवडही फसवते. 2005-06 च्या जोरदार पावसापासून 2015 च्या दुष्काळापर्यंतची रेघ काढली, तर महाराष्ट्रातले बहुतेक झरे आटताना दिसतील. 2015 ते 2019 घेतलं तर तेच झरे सुधारलेले! आधी पावसाचा वाटा वजा करा, उरेल त्यात कल शोधा. मान-केंडाल चाचणी (आकडे काळानुसार चढतात की उतरतात हे तपासणारी सांख्यिकी चाचणी) लावणार असाल तर ऋतुनिहाय लावा, म्हणजे मे मेशी, जून जूनशी. लागोपाठच्या महिन्यांचे आकडे एकमेकांना धरून असतात, सरसकट चाचणीत नसलेला कलही ठसठशीत दिसतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: आटलेला झरा यादीतून काढून टाकणं. मग उरलेल्यांची सरासरी छान दिसते. कोरडा असेल तर शून्य लिहा. मोजायला गेलोच नसू तर रकाना रिकामा ठेवा. या दोन्हींची सरमिसळ झाली की पुढे कुणालाच उलगडा होत नाही.

प्रदेशाबद्दल बोलताना झरे मोजण्याआधी जलधर, म्हणजे पाणी साठवणारे खडकांचे थर, मोजा. जांभ्याच्या एकाच सड्याखालून (सपाट खडकाळ पठाराखालून) निघणारे दहा झरे म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

आणि धार अचानक, एका पायरीने उतरली असेल तर हवामानाला दोष देण्याआधी झऱ्याच्या वर चढून या. बऱ्याचदा तिथे कुणीतरी काळा पाइप टाकलेला असतो.