आजीची ट्रंक उघडण्याआधी हे वाचा

माझी आजी गेली तेव्हा मिरजेच्या घरात तिच्या म्हणाव्या अशा वस्तू फार नव्हत्याच. एक पत्र्याची ट्रंक, फळीवरची भांडी, देव्हारा, आणि गादीखाली ठेवलेली वही. पण तेवढंच आवरताना आम्ही दहा-बारा जणांनी मिळून असले घोळ घातले ना, की म्हटलं हे लिहून ठेवलंच पाहिजे, निदान दुसऱ्या कोणाच्या तरी आजीच्या वस्तू वाचतील. तुमच्याकडे नुकतंच झालं असेल तर आत्ता वाचवणार नाही हे, सेव्ह करून ठेवा आणि महिन्याभराने वाचा.

सगळ्यात आधी, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही वाटू नका. सगळे जमलेले असतात, परत कधी जमणार, उरकून टाकू असं कोणीतरी म्हणतंच, आमच्याकडे काका म्हणाले. त्या उरकण्याच्या भरात जुनी लुगडी बोहारणीला गेली आणि बदल्यात एक स्टीलचं पातेलं आलं, आणि त्या गठ्ठ्यात आजीचा लग्नातला शालू पण होता हे आत्याला चार दिवसांनी कळलं. खऱ्या जुन्या जरीत चांदीची तार असते, वरून सोन्याचा मुलामा, म्हणून तर जरी विकत घेणारे दारोदार फिरतात. ते पातेलं अजून आहे आणि आत्या त्यात काहीही शिजवत नाही.

तर पहिलं काम फक्त फोटो. वस्तू जागेवरून हलवायच्या आधी, आहे तशा. ट्रंक उघडल्यावर वर काय होतं, खाली काय होतं, कोणत्या डब्यात काय, फळीवर भांडी कशी लावलेली होती, सगळे फोटो. देव्हाऱ्यात कुठला देव कुठे बसतो यावर नंतर आमच्याकडे अर्धा तास वाद झालाय, त्यामुळे तो फोटो तर घ्याच.

दुसरं काम म्हणजे घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याच्यासमोर बसायचं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून. आणि "आजीबद्दल काहीतरी सांग ना" असं विचारायचं नाही, त्यावर लोक "फार सोसलं हो तिने" एवढंच म्हणून डोळे पुसतात. वस्तू हातात द्यायची. मी आत्याच्या हातात अडकित्ता दिला आणि ती पाऊण तास बोलली, त्यातली चाळीस मिनिटं अडकित्त्याशी काही संबंध नव्हता, पण तेच तर पाहिजे असतं. प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी करा, कोणी दिली, कधी, कशासाठी वापरायची, आणि चिठ्ठी वस्तूला चिकटवू नका, सुती दोऱ्याने बांधा किंवा आत ठेवा.

आता भांडी, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगते. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं तुम्हाला माहितीच असेल, दुकानदार छोट्या छिन्नीने ठिपके ठिपके पाडून अक्षरं काढायचा. आजीच्या तांब्याच्या गळ्याखाली तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि तारीख होती, ठिपके इतके बारीक की बोट फिरवलं तर वाचण्याआधी लागायचे. मी तो तांब्या हौसेने पॉलिशला दिला आणि त्या माणसाने मशीनच्या चाकावर धरून आरशासारखा चमकवून दिला. नाव गेलं! आता उन्हात तिरका धरला तर एक वेलांटी दिसते फक्त. म्हणून सांगते, नाव असलेलं भांडं मशीनवर पॉलिश करायचं नाही म्हणजे नाहीच. आधी त्या नावाचा फोटो घ्या, बाजूने टॉर्च तिरका मारून, म्हणजे ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि पुसट अक्षरं पण वाचता येतात. मग चिंच किंवा लिंबू आणि मीठ, हलक्या हाताने, लगेच धुवायचं आणि लगेच पुसून कोरडं करायचं. तारेची घासणी लांब ठेवा. देवाचे चांदीचे टाक तर टूथपेस्टने अजिबात घासू नका, आधीच पिढ्यान् पिढ्या घासून देवांची नाकं गेलेली असतात, रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं बास.

पितळी पातेलं वापरणार असाल (वापराच, माळ्यावर टाकण्यापेक्षा) तर कल्हई हवी, नाहीतर आमटी-ताकासारखं आंबट कळकतं. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पुसतो, आत चांदीसारखा रंग येतो. हे कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून विसरायचं नाही. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हईला. कल्हईवाले आता कमी झालेत हे खरंय, जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारलं की पत्ता मिळतो.

कपड्यांचं. पैठणी किंवा कुठलीही रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, हँगरवर नको, डांबरगोळ्या तर जरीला लागता कामा नयेत. जुनं धुतलेलं मलमल किंवा सुती पांढरं कापड घ्या, त्यात गुंडाळा, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा. आणि मुख्य म्हणजे तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, कारण रेशीम फाटतं ते घडीवरच फाटतं. आमच्या दुसऱ्या एका साडीला घडीवर सरळ रेघेत चिरा गेल्यात, ती आता घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवलीय. सुती लुगडी असतील आणि नातवंडं जास्त असतील तर सरळ गोधडी शिवा, भांडणच नको. आमच्या चार इरकली लुगड्यांच्या तीन गोधड्या झाल्या, काठ वेगळे काढून कडेला लावले. धुताना मशीनमध्ये टाकू नका, टाके उसवतात.

मग वही. आजीच्या वहीत निळ्या शाईत पदार्थ, तेलाचे डाग, आणि शेवटच्या पानांवर दुधाचा हिशोब. माझ्या चुलत भावाने प्रेमाने एक पान लॅमिनेट करून आणलं, ते आता कधीच सुटं होणार नाही, उष्णतेने चिकटवतात ते. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको (पिवळी पडते आणि कागद खाते), ओलं फडकं तर नकोच, दौतीची शाई पसरते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून एकेक पान सरळ वरून फोटो काढा, कोरी पानं आणि मुखपृष्ठ धरून, आणि पीडीएफ करून घरातल्या तिघांकडे तरी ठेवा. मूळ वही स्वयंपाकघरापासून लांब, कोरड्या जागी, नाहीतर कसर लागते. एखादा कागद मोडी लिपीत लिहिलेला निघाला तर अगम्य म्हणून टाकू नका, मोडी वाचणारे आणि शिकवणारे लोक आहेत.

वहीतली मापं बघून घाबरायचं कारण नाही. तिच्या चकलीच्या भाजणीत लिहिलंय, तांदूळ शेर, हरभराडाळ मापटं, उडीदडाळ चिपटं, मूगडाळ कोळवं. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. म्हणजे कुठलीही एक वाटी कोळवं धरा, की आठ-चार-दोन-एक झालं. खरी पंचाईत "धणे मूठभर" ची होती, कोणाची मूठ? शेवटी आत्याला मूठ भरायला लावली, तिचा हात आजीसारखा आहे असं सगळे म्हणतात, आणि काट्यावर टाकली, २२ ग्रॅम. तेच आता वहीच्या कॉपीत लिहिलंय. आजीची स्वतःची वाटी सापडली तर तिच्यात किती मिली पाणी मावतं तेही मोजून ठेवा.

फोटोंचं थोडक्यात सांगते. ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेन पुढे उमटतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, दातांचा फ्लॉस हळू खालून सरकवा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा.

आजीचा आवाज व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये असेल तर आजच तो बाहेर काढून ड्राइव्हवर टाका, फोन बदलला की गेला. आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची पण कोणी रेकॉर्ड केल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत. मी आत्याला तिथल्या काही ऐकवल्या तर तिने दोन ठिकाणी पुढची ओळ आमच्या घरच्या पद्धतीने म्हटली, ती मी टिपून घेतली. तुम्हीही करून बघा हे.

दागिने. वाटणीआधी सोनाराकडून लेखी वजन घ्या, आणि एक लक्षात ठेवा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता सोनार बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात. त्यामुळे "आईच्या पाटल्या पाच तोळ्याच्या होत्या" म्हणणारी आत्या ५८ ग्रॅमचं बोलत असते आणि काका ५० चं, आणि दोघांना वाटतं समोरचा काहीतरी लपवतोय. बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांत लाख असते, ती वजनातून वजा होते, शिवाय तापवलं तर वितळते. १९६३ नंतर काही वर्षं १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने करायला बंदी होती, तेव्हाचं काही असेल तर सोनं कमी भरलं म्हणून जुन्या सोनाराला शिव्या देऊ नका. नथीचे मोती साबणात बुडवू नका. आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजीच्या मालकीच्या वस्तूंवर मुलगे, मुली आणि आजोबा हयात असतील तर ते, सगळ्यांचा सारखा हक्क असतो, मुलींची लग्नं झालीत हे कारण चालत नाही. हे आमच्याकडे मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.

बाकी किरकोळ वस्तूंच्या आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मला किल्ल्यांचा जुडगा आला, सात किल्ल्या. एक ट्रंकेची, एक धान्याच्या कोठीची. उरलेल्या पाच कशाच्या ते कोणालाच माहीत नाही, दिवाळीत आत्या येणार आहे तेव्हा एकेक तिच्या हातात देणार आहे.