आगमनकाळाची पहिली मेणबत्ती नाताळाआधीच संपते?

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, पानांच्या कड्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या असतात; दर रविवारी एक नवी पेटते, आधीच्याही पेटत राहतात. पहिली मेणबत्ती रोज पेटते, म्हणून तिसऱ्या आठवड्यातच तिचा बुंधा उरतो. चौथी मात्र जवळजवळ कोरीच राहते. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा असतो. रोजच्या प्रार्थनेला १५ मिनिटं धरली, तरी पहिलीला ७ तासांपर्यंत जळावं लागतं.

उपाय सोपा आहे. तिन्ही जांभळ्या मेणबत्त्या पाळीपाळीने पेटवा.

१. पहिला आठवडा : रोज एकच, पण दररोज वेगळी.
२. दुसरा : तिघींपैकी दोन, आलटून पालटून.
३. तिसरा : गुलाबी आणि कोणत्याही दोन जांभळ्या.
४. चौथा : चारही.

यात प्रत्येक जांभळीवर जास्तीत जास्त पावणेपाच तासच येतात आणि उंचीही साधारण सारखी राहते. गुलाबीची अदलाबदल करू नका, तिचा मान तिसऱ्या रविवारचा. (चौथ्या रविवारी कोरीच मेणबत्ती हवी असेल, तर पाळी न लावता पहिली जाड घ्या.)

खरेदीनंतर एक मेणबत्ती तासभर जाळून किती उतरते ते पट्टीने मोजा. पाच तासांत संपेल असं दिसलं, तर प्रार्थनेच्या वेळचं नव्हे, जेवणाच्या वेळी पेटवत असाल तर ते पेटवणं कमी करा! वात दर वेळी ५ मिलिमीटरवर कापा. लांब वात काजळी धरते, मेणही लवकर खाते. पंख्याच्या झोतात मेण एकाच बाजूने ओघळतं.

सावधगिरी : खरी पानं दोन आठवड्यांत वाळून कोरडीठाक होतात. ज्योत आणि पानांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरलं की ती मेणबत्ती बदला.