मेक्सिकोच्या सीमेवर मी केलेला घोळ आणि तो कसा निस्तरला

ह्यूस्टनमधली नोकरी संपली आणि आम्ही दोघं मेक्सिकोतल्या चापाला तळ्याकाठी राहायला निघालो, गाडीनेच. पासपोर्टात मेक्सिकन वकिलातीने चिकटवलेला तात्पुरत्या रहिवाशाचा व्हिसा होता. हा व्हिसा म्हणजे रहिवासी कार्ड नव्हे. सीमा ओलांडल्यावर ३० दिवसांत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन तो कार्डात बदलून घ्यावा लागतो.

सीमेवरच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर मी पासपोर्ट नुसताच सरकवला. व्हिसाचं पान उघडून दिलं नाही, चूक माझीच. शिक्का बसला पर्यटकाचा, १८० दिवसांचा. मी खूश! बायकोने चष्मा लावून शिक्क्याचा कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, यात 'कान्हे' कुठंय?" कान्हे म्हणजे अदलाबदल. तो शब्द आणि ३० चा आकडा नसेल तर कार्ड मिळणं अवघड.

गाडी हलवली नाही. तसाच परत गेलो, व्हिसाच्या पानावर बोट ठेवून मोडक्या स्पॅनिशमध्ये "कान्हे, पोर फाव्होर" म्हणालो. दहा मिनिटांत नवा कागद हातात.

मग बानहेर्सितो या लष्करी बँकेच्या खिडकीवर गाडीचा तात्पुरता आयात परवाना काढला. २००७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या गाडीला ४०० डॉलर अनामत. अमेरिकन विमा तिथे चालत नाही, मेक्सिकन आधीच काढला होता.

कार्ड आल्यावर मात्र कस्टम्सला कळवून परवान्याची मुदत वाढवून घ्या, नाहीतर अनामत गेलीच म्हणून समजा.